विदर्भाच्या उन्हात घर गार ठेवणारी लाकडी खिडकी: लाकूड निवडण्यापासून देखभालीपर्यंत

घर बांधताना सळई, सिमेंट, टाइल्सवर महिनाभर चर्चा चालते आणि खिडक्यांचं एका दुपारी उरकतं. मिस्त्री माप सांगतो, तालुक्याच्या गावाहून लोखंडी खिडक्या येतात, भिंतीत बसतात. मग चैत्र लागला की याच खिडक्यांतून घर तापतं आणि सगळा भार कूलरवर पडतो. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, वर्धा, अकोला या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. अशा ठिकाणी खिडकीवर दोन दिवस जास्तीचा विचार केला तर पुढची तीस-चाळीस वर्षं त्याचा फायदा मिळतो.

‘ऊर्जा वाचवणारी खिडकी’ म्हटलं की दुकानदार लगेच दुहेरी काच दाखवतो. दुहेरी काच चांगलीच असते, पण ती मुख्यतः घरातली ऊब बाहेर जाऊ नये म्हणून थंड देशांत रुजली. आपल्याकडचा क्रम वेगळा आहे. आधी काचेवर ऊन पडू द्यायचं नाही, मग फटी बंद करायच्या, मग रात्रीची गार हवा भरपूर आत घ्यायची. काचेचा नंबर या तिन्हींच्या नंतर लागतो. या क्रमाने काम करायला लाकडासारखं साहित्य नाही, आणि ते घडवणारे सुतार आपल्या गावात अजून आहेत.

उष्णता येते कुठून

तीन फूट बाय चार फुटांची साधी काचेची खिडकी घ्या. पश्चिमेच्या भिंतीवर मे महिन्याच्या दुपारी थेट ऊन पडतं तेव्हा अशा एका खिडकीतून ४००-५०० वॅट उष्णता आत येते. साधी काच उन्हातली सुमारे ८० टक्के उष्णता आत सोडते, म्हणून हा आकडा इतका मोठा आहे. आता तीच खिडकी सावलीत धरा. बाहेरची हवा आतल्यापेक्षा १० अंशांनी गरम असली तरी काचेतून झिरपणारी उष्णता ६०-७० वॅटच भरते. दुहेरी काच या ६०-७० चे निम्मे करते. सावली त्या ४००-५०० चा बहुतेक भाग कापते. पैसा आधी कुठे घालायचा ते यावरून ठरवा.

सावली बाहेरूनच हवी. आतला पडदा कितीही जाड असला तरी ऊन काचेतून आत आल्यावर पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच सोडतो.

तिसरी वाट फटींची. दोन पल्ल्यांच्या खिडकीला चारही बाजू आणि मधली जोड धरून साधारण साडेपाच मीटर फट असते. ती ३ मिलिमीटर रुंद असली तर सगळी मिळून १६५ चौरस सेंटिमीटर भरते, म्हणजे भिंतीला १३ सेंटिमीटर बाजूचं चौकोनी भोक पाडल्यासारखंच. दुपारच्या झळा त्यातून सरळ आत येतात.

चौकटीचं लाकूडही कामाला येतं. लोखंडातून उष्णता सागवानापेक्षा शेकडो पटींनी आणि ॲल्युमिनियममधून हजार पटींहून जास्त वेगाने वाहते. दुपारी लोखंडी चौकटीला हात लावून पाहा, मग शेजारच्या लाकडी दाराला. मात्र चौकट हा खिडकीचा लहान भाग असतो, त्यामुळे नुसतं लोखंड काढून लाकूड बसवलं म्हणून घर गार होणार नाही. लाकडाची खरी सोय वेगळी आहे: त्यात हवी तशी खाच काढता येते, दोन-तीन थर बसवता येतात आणि बिघडलं तर गावातच दुरुस्त होतं.

पहिली पायरी: ऊन वाचा

कागदावर घराचा नकाशा काढा आणि प्रत्येक खिडकीवर ऊन केव्हा पडतं ते लिहा. नागपूर साधारण २१ अंश अक्षांशावर आहे. मेच्या शेवटच्या आठवड्यात, म्हणजे नवतपा सुरू होतो त्याच सुमारास, इथे दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि नंतर जुलैच्या मध्यापर्यंत दुपारी किंचित उत्तरेला असतो. डिसेंबरात तो दक्षिणेला, जेमतेम ४५ अंश उंचीवर राहतो.

म्हणून दक्षिणेची खिडकी सगळ्यात सोपी. चार फूट उंच खिडकीला दोन फुटी छज्जा दिला की मार्चअखेरपासून सप्टेंबरपर्यंत दुपारचं ऊन काचेला लागत नाही. हिवाळ्यात खालच्या अर्ध्या भागातून ऊन आत येतं, आणि तेव्हा ते हवंच असतं.

पश्चिमेचं गणित छज्ज्याने सुटत नाही. मे महिन्यात चार वाजता तोच दोन फुटी छज्जा वरचा दीड फूट झाकतो. पाच वाजता तर त्याची सावली जेमतेम दहा इंच उतरते आणि बाकीची काच उन्हात राहते. इथे झडपच लागते. पूर्वेला सकाळी हेच होतं, पण तोवर घर रात्रभर निवलेलं असतं, त्यामुळे त्रास कमी.

उत्तरेची खिडकी बिनउन्हाची असा समज आहे. मे-जूनमध्ये सूर्य वायव्येला मावळतो, त्यामुळे संध्याकाळी तिरपं ऊन उत्तरेच्या भिंतीवरही पडतं. खिडकीच्या पश्चिम अंगाला फूटभर उभी आडभिंत दिली की पुरतं.

नवीन घर बांधत असाल तर पश्चिमेला खिडक्या कमीत कमी आणि लहान ठेवा. तिकडे न्हाणीघर, कोठार किंवा जिना गेला तर उत्तम.

दुसरी पायरी: कूलर की एसी, ते आधी ठरवा

हा प्रश्न खिडकीच्या वेळी कुणी विचारत नाही आणि सगळं यावरच अडतं. कूलर बाहेरची कोरडी हवा ओल्या गवतातून आत ढकलतो. ती हवा बाहेर पडायला समोरच्या बाजूची खिडकी उघडी असावी लागते. ती नसली की खोलीत दमटपणा साचतो, अंग चिकचिक करतं आणि लोक म्हणतात कूलर कामाचा नाही. म्हणजे कूलरच्या घरात दिवसभर एक खिडकी उघडी राहणारच. तिथे दुहेरी काचेला पैसे घालणं मला अजिबात पटत नाही. सावली, जाळी आणि सहज उघडणारे पल्ले यांवर खर्च करा.

एसीचं उलट आहे. तिथे हवा आतल्या आत फिरते आणि प्रत्येक फट बिल वाढवते. घरगुती कूलर साधारण १५०-२०० वॅट खातो, तर दीड टनाचा एसी दीड हजार वॅटच्या आसपास. एकाच खोलीत एसी असेल तर त्या खोलीपुरती फटबंद, दुहेरी काचेची खिडकी करा.

कूलरसाठी वेगळी जागा ठेवा, उत्तरेला किंवा पूर्वेला, सावलीत. कूलरच्या तोंडाच्या मापाची चौकट आणि तिला लाकडी झडप. पावसाळ्यात कूलर काढला की झडप लावून टाकायची, पुठ्ठे आणि प्लायवूडचे तुकडे कोंबायचे नाहीत. समोरच्या भिंतीतली उघडी जागा कूलरच्या तोंडापेक्षा लहान नको.

तिसरी पायरी: लाकूड

सागवानाच्या बाबतीत आपण भाग्यवान आहोत. आलापल्ली, बल्लारशाह, परतवाडा इथे वनखात्याचे डेपो आहेत आणि लाकडाचा लिलाव होतो. अयोध्येच्या राममंदिरासाठी २०२३ मध्ये सागवान गेलं ते बल्लारशाहहूनच. या लाकडात स्वतःचं तेल असतं, ते कमी हलतं आणि त्याच्या गाभ्याला उधई, म्हणजे वाळवी, सहसा लागत नाही.

‘गाभ्याला’ हा शब्द लक्षात ठेवा. बांधावरच्या पंधरा-वीस वर्षांच्या सागाला बाहेरचा पांढरा भाग बराच असतो, आणि तो उधई आणि भुंग्याला लगेच बळी पडतो. आरा मशीनवर उभं राहून सांगा, “भाऊ, पांढरं सगळं काढून द्या.” माल कमी भरेल, भरू द्या. साग स्वतःच्या शेतातला असला तरी १९६४ च्या वृक्षतोड कायद्याखाली तो अनुसूचित झाड आहे. तोडायला परवानगी आणि आणायला वाहतुकीचा पास लागतो, हे काम आधी करून घ्या.

सागवान परवडत नसेल तर बिजा चांगला, मजबूत. मात्र त्यावर पाणी पडलं तर रंग उतरतो आणि भिंतीवर डाग पडतात. कडुनिंबाच्या चौकटी खेड्यांत वर्षानुवर्षं टिकलेल्या दिसतात, फक्त लाकूड नीट वाळलेलं हवं. निलगिरी खिडकीला नको, ती पीळ खाते.

माझी पहिली पसंती जुन्या लाकडाला आहे. घरकुलाच्या बांधकामासाठी गावोगाव जुनी घरं उतरवली जातात आणि त्यांच्या तुळया, दारं, कडीपाट मिळेल त्या भावाने जातात. साठ-सत्तर वर्षं वाळलेलं ते लाकूड आता हलायचं तेवढं हलून झालं आहे. फक्त प्रत्येक खिळा शोधून काढा, नाहीतर रंध्याचं पातं जातं, आणि टोकांना पोखरलेला भाग असेल तर कापून टाका.

नव्या लाकडासाठी वाळवण हीच कसोटी. फाडलेल्या फळ्या सावलीत, दोन फळ्यांत इंचभर पट्ट्या घालून, हवा खेळेल अशा रचा. टोकांना रंग फासा म्हणजे चिरा पडणार नाहीत. वाळलं का ते पाहायला मोठं यंत्र लागत नाही. त्याच मालातला वीतभर तुकडा कापा आणि किराणा दुकानातल्या ग्रॅमच्या काट्यावर तोला. तारीख आणि वजन तुकड्यावरच पेन्सिलने लिहा, तुकडा फळ्यांच्या थप्पीतच ठेवा आणि दर आठवड्याला तोला. ओल्या लाकडाचं वजन आधी भराभर उतरतं, मग हळूहळू, आणि लाकूड वाळलं की उतरायचं थांबतं. तुकडा मोठ्या फळीपेक्षा लवकर वाळतो, म्हणून त्याचं वजन थांबल्यावरही फळ्यांना आणखी दोन-तीन महिने द्या. शिशिरात फाडलेलं लाकूड त्याच उन्हाळ्यात चौकटीला लावू नका.

चौथी पायरी: खिडकीची रचना

पश्चिमेच्या खिडकीसाठी मी तीन थर सुचवतो. बाहेरच्या अंगाला झिलमिलीची झडप, म्हणजे खाली आणि बाहेर तिरप्या बसवलेल्या आडव्या पट्ट्यांची. मध्ये लोखंडी गज. आतल्या अंगाला आत उघडणारे काचेचे पल्ले, आणि गज व काच यांच्यामध्ये डासांची जाळी, तीही बिजागरीवर आत उघडणारी. दुपारी झिलमिली लावून काच बंद केली की ऊन बाहेरच अडतं. रात्री काच उघडून झिलमिली लावलेली ठेवली तरी हवा येते, चोराची आणि माकडांची भीती राहत नाही, पावसाची सर आली तरी अंथरूण भिजत नाही.

एवढे थर चार इंची चौकटीत मावत नाहीत. चौकट पाच इंच खोल आणि अडीच इंच जाड घ्या. गजांमधलं अंतर चार इंच ठेवा, म्हणजे हात घालून झिलमिलीची कडी काढता-लावता येईल. तीन बाय चार फुटांच्या अशा खिडकीला तुटीसकट साधारण साडेतीन घनफूट लाकूड लागतं. दक्षिणेला आणि उत्तरेला चार इंची चौकट, काचेचे पल्ले आणि जाळी पुरे. तिथे दोन-सव्वादोन घनफुटांत काम होतं.

सरकत्या पल्ल्यांच्या खिडक्या मी गावातल्या घराला सांगणार नाही. त्यांचा नेहमी अर्धा भागच उघडतो, आणि आपल्याला रात्री पूर्ण उघडणारी खिडकी हवी. जाळी हवा अडवतेच, वर अर्धी खिडकी गेली तर उरलं काय?

छताखाली, समोरासमोरच्या भिंतींत एक-दोन झरोके जरूर ठेवा. वर साचलेली गरम हवा तिथून निघते. त्यांनाही झडप हवी, कारण दुपारी तेही बंद करायचे आहेत.

पाचवी पायरी: सुताराकडचं काम

काम दिवाळीनंतर, मार्गशीर्ष ते माघात करून घ्या. मे महिन्यात दुपारची आर्द्रता २०-२५ टक्क्यांवर येते आणि ऑगस्टात ८० च्या वर जाते. उन्हाळ्यात अगदी घट्ट बसवलेले पल्ले पावसाळ्यात फुगून अडकतात, पावसाळ्यात बसवलेले उन्हाळ्यात फटी सोडतात. दोन्ही पल्ल्यांच्या उभ्या पट्ट्या मिळून साधारण बारा इंच रुंदीचं लाकूड होतं. ते एक टक्का जरी हललं तरी ३ मिलिमीटरचा फरक पडतो. म्हणून हिवाळ्यात काम करताना पल्ल्याभोवती २ मिलिमीटर जागा मोकळी सोडा आणि ती रबराने बंद करा. लाकडावर लाकूड दाबून फट मिटवायच्या नादी लागू नका.

रबराची पट्टी चौकटीच्या खाचेत, पल्ला जिथे टेकतो तिथे बसवा. चिकटवायची स्वस्त फोमची पट्टी एका उन्हाळ्यात कडक होऊन भुरभुरते. ईपीडीएम रबर किंवा सिलिकॉनची मागा. गावात मिळत नसेल तर गाड्यांच्या दारांचं रबर विकणाऱ्या दुकानात विचारा. दोन पल्ल्यांच्या मधल्या जोडीवर एका पल्ल्याला आच्छादणारी लाकडी पट्टी हवीच.

सांधे भोक पाडून कुसू बसवलेले असावेत, नुसते खिळ्यांचे नकोत. सागवानाच्या तेलामुळे गोंद नीट धरत नाही. चिकटवण्याआधी सांधा थिनरच्या फडक्याने पुसून वाळू द्यायला सांगा. प्रत्येक पल्ल्याला तीन बिजागऱ्या लावा. काच किमान ४ मिलिमीटरची घ्या आणि सागवानी पट्टीने बसवा. लांबीचा, म्हणजे पुट्टीचा, सांधा हवा असेल तर खडूची पूड आणि जवसाचं तेल मळून केलेली जुनी लांबी आजही उत्तम काम करते.

सहावी पायरी: भिंतीत बसवताना

चौकटीचा एक कर्ण मोजा, मग दुसरा. दोन्ही सारखे आले पाहिजेत. ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर बसवायच्या आधीच दुरुस्त करा. भिंतीला टेकणाऱ्या बाजूंना डांबराचा हात द्या, बाजूला तीन-तीन होल्डफास्ट, म्हणजे चौकट भिंतीत पकडणाऱ्या लोखंडी पट्ट्या, लावा. काळ्या मातीतलं घर पावसाळ्यात उचलतं आणि उन्हाळ्यात बसतं, त्यामुळे चौकटीवर लिंटेल, म्हणजे वरच्या भिंतीचा भार पेलणारी आडवी तुळई, हवंच. विटांचं वजन थेट लाकडावर येऊ देऊ नका.

खालची पाटी बाहेरच्या बाजूला उतरती ठेवा. छज्ज्याच्या आणि पाटीच्या बाहेरच्या कडेला, खालून, बोटाच्या जाडीची खाच ठेवायला मिस्त्रीला आठवणीने सांगा. पाणी त्या खाचेपाशी तुटून खाली पडतं, नाहीतर ओघळत चौकटीत शिरतं. आपला पाऊस बहुधा पश्चिम-नैर्ऋत्येकडून झोडपतो, म्हणून तिकडच्या खिडकीवर हे चुकता कामा नये. चौकट आणि प्लास्टर यांच्यामधली बारीक चीर बाहेरून सीलंटने भरा.

सगळं झालं की परीक्षा घ्या. दुपारी वारा सुटलेला असताना पंखा बंद करा, खिडकी लावा आणि पेटलेली उदबत्ती फटीच्या कडेने हळूहळू फिरवा. धूर सरळ वर गेला तर ठीक. जिथे तो झटका देऊन आत वळेल तिथे पेन्सिलची खूण करा. मग कागदाची पट्टी पल्ल्यात धरून खिडकी लावा आणि ओढून पाहा. खूण केलेल्या जागी पट्टी सहज निसटली तर तिथलं रबर दबत नाहीये. बिजागरी थोडी सरकवा किंवा जाड पट्टी लावा. हे सुताराच्या समोरच करा, पैसे चुकते करायच्या आधी.

सातवी पायरी: रंग आणि तेल

सागवानाचा रंग दिसावा म्हणून सगळे पॉलिश करतात. आतल्या पल्ल्यांना जरूर करा. बाहेरच्या झिलमिलीला मात्र पांढरा किंवा फिकट रंग द्या. गडद लाकूड उन्हात जास्त तापतं आणि ती धग काचेकडे येते.

तेल द्यायचं असेल तर आपल्या मातीतलं जवसाचं तेल आहेच. कच्चं तेल वाळायला बरेच दिवस घेतं, म्हणून रंगाच्या दुकानातलं ‘बॉइल्ड’ तेल घ्या. पातळ हात द्या, अर्ध्या तासाने जास्तीचं पुसा, वाळल्यावर दुसरा हात. एक धोका ध्यानात असू द्या: जवसाच्या तेलाची फडकी बोळा करून टाकली तर ती आपोआप तापून पेट घेतात, आणि आपल्या उन्हाळ्यात तर लवकरच. ती दोरीवर मोकळी पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

रोजचं वेळापत्रक

कितीही चांगली खिडकी चुकीच्या वेळी उघडी राहिली तर उपयोग नाही. एक साधा थर्मामीटर घरात आणि एक ओसरीवर सावलीत टांगा. बाहेरचा आकडा आतल्यापेक्षा खाली गेला की सगळं उघडायचं, वर गेला की बंद. मे महिन्यात साधारण सकाळी साडेसात-आठला बंद आणि रात्री आठ-नऊनंतर उघडं असं पडतं. कूलर असेल तर दुपारी त्याच्या समोरची तेवढी एक खिडकी उघडी ठेवायची, तीही सावलीतली. पावसाळ्यात हा नियम सोडा. तेव्हा हवा खेळती राहिली पाहिजे, नाहीतर लाकडाला बुरशी धरते.

वर्षाची देखभाल, आणि जुन्या लोखंडी खिडक्यांचं काय

मृगाच्या आधी एकदा सगळ्या खिडक्या पाहा. बिजागऱ्यांना तेल, खालच्या पाटीवरच्या चिरा लांबीने भरणं, जाळी धुणं. जाळीत धूळ बसली की हवा निम्मी होते, म्हणून उन्हाळ्यात ती महिन्याला एकदा तरी धुवा. भिंत आणि चौकट यांच्या सांध्यावर मातीच्या रेषा दिसल्या तर ती उधई आहे. रेषा खरवडून तिथे उधईचं औषध लावा आणि ओल कुठून येते ते शोधा. बाहेरचा रंग दर तीन-चार वर्षांनी, तेल दिलं असेल तर दरवर्षी.

घर झालेलं असेल आणि लोखंडी खिडक्या बदलणं सध्या जमत नसेल, तर पश्चिमेच्या खिडकीबाहेर भिंतीवर हलकी लाकडी चौकट ठोकून नुसती झिलमिलीची झडप लावून घ्या. तेही परवडत नसेल तर बुरुडाकडून बांबूचा तट्टा विणून घ्या आणि खिडकीपासून फूटभर पुढे, छज्ज्याला टांगा. मधल्या जागेतून गरम हवा वर निघून जाते. तट्टा खिडकीपेक्षा दोन्ही बाजूंना फूटभर रुंद घ्या, म्हणजे कडेने तिरपं ऊन शिरणार नाही, आणि खालची टोकं दोरीने बांधा. एप्रिल-मेच्या वावटळीत सुटा तट्टा काच फोडतो.